पुरुषांसाठीचे आरोग्य तपासणी पॅकेज : ८७ आकडे आणि घाईत मोजलेला रक्तदाब

वयाची ४७ वर्षे पूर्ण झाल्यावर, अंगात कोणताही त्रास नसताना, मी पहिल्यांदाच स्वतःहून आरोग्य तपासणी करून घेतली. त्यासाठी निवडले ते ‘पुरुषांसाठी संपूर्ण तपासणी’ या नावाने विकले जाणारे, एका खासगी तपासणी केंद्राचे अर्ध्या दिवसाचे पॅकेज. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण माझ्या तक्रारी त्या एका केंद्रापुरत्या आहेत असे मला वाटत नाही. अशा पॅकेजची रचनाच साधारण अशी असते, आणि पैसे भरण्याआधी काय विचारून घ्यावे एवढे जरी या परीक्षणातून कोणाला कळले तरी पुरे. तपासणीनंतर आठ महिने थांबून हे लिहीत आहे, कारण अहवाल हातात पडला त्या दिवशीचे माझे मत आणि आजचे मत यांत बरेच अंतर पडले आहे. त्या दिवशी मी पाचपैकी साडेचार गुण दिले असते; आज अडीच देतो.

ते अडीच गुण कशाचे, हे आधी सांगतो. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात अतिशय हलका होता आणि नळीवर माझे नाव लिहून ते मला वाचून दाखवल्याशिवाय त्यांनी सुई काढली नाही. रांग फारशी नव्हती, दिलेली वेळ पाळली गेली आणि अहवाल त्याच संध्याकाळी मिळाला. सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे ४५ वर्षांवरील प्रत्येकाला शौचाच्या नमुन्याची छोटी कुपी घरी नेण्यासाठी दिली जात होती, आणि ती का व कशी वापरायची हे एका परिचारिकेने कोणताही संकोच न ठेवता समजावून सांगितले. या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारे मानवी रक्त शोधले जाते. ते आढळले तर पुढे दुर्बिणीने मोठे आतडे तपासतात, आणि कर्करोग होण्याआधीच्या गाठी तेथेच काढून टाकता येतात. अमेरिकेतील प्रतिबंधात्मक सेवांच्या तज्ज्ञगटाने ही तपासणी सुरू करण्याचे वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणले. पॅकेजच्या जाहिरातीत मात्र या कुपीचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही बारीक अक्षरांत होता. ठळक अक्षरांत होते ते ‘८७ तपासण्या’.

हा ८७ चा आकडा कसा तयार होतो, हे अहवाल उलगडून बसल्यावर कळते. रक्तपेशींची एकच चाचणी, एकच नळी आणि एकच यंत्र, पण त्याचे आकडे २४. लघवीचे १५, यकृताचे ११ आणि रक्तातील चरबीचे ८. या आठांपैकी प्रत्यक्ष मोजलेले होते तीनच : एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल, आणि ट्रायग्लिसराइड्स. उरलेले पाच या तिघांची बेरीज, वजाबाकी आणि भागाकार करून काढलेले होते. ज्या एलडीएलला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, तोही माझ्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉलमधून आधी एचडीएल आणि मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करून आलेला होता. १९७२ पासून वापरात असलेले हे सूत्र आहे आणि ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेली नसतील तर ते कामही चोख देते. हिशेब चुकीचा नाही. वजाबाकीलाही ‘तपासणी’ म्हणून मोजणे मात्र मला खटकते.

८७ आकड्यांपैकी माझे पाच लाल अक्षरांत छापलेले होते. ते पाहून मी दोन रात्री नीट झोपलो नाही. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा ध्यानात आले की अहवालातील बहुतेक मर्यादा या निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्यांत बसतील अशा आखलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक चाचणीत शंभरातली पाच धडधाकट माणसे त्या रेषेबाहेर पडणारच. कोलेस्टेरॉल आणि साखर यांच्या मर्यादा वेगळ्या विचाराने ठरतात, पण बाकीच्यांना हा हिशेब लागू आहे. त्यामुळे कोणताही आजार नसलेल्या माणसाचे ८७ आकडे काढले तर त्यांतले चारेक लाल निघणे हे गणितातच आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या अवघ्या २० चाचण्या केल्या तरी निदान एक तरी लाल निघण्याची शक्यता ६४ टक्के होते. माझ्या पाचांपैकी एक, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे पाहण्यासाठी मोजले जाणारे क्रिएटिनिन होते, आणि मी व्यायामशाळेत क्रिएटिनची पावडर घेतो का, हे मला कोणीही विचारले नव्हते. घेत होतो. ती पावडर घेणाऱ्याचे मूत्रपिंड उत्तम असले तरी हा आकडा थोडा वर सरकू शकतो. पावडर बंद करून महिन्याने पुन्हा पाहिले तेव्हा तो मर्यादेत आला होता.

आता ज्या गोष्टीमुळे मी गुण कापले त्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे रक्तदाब.

सोनोग्राफीसाठी मला लिटरभर पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगितले होते. त्या अवस्थेत मी पाऊण तास बाकावर बसून होतो. मग एका तंत्रज्ञाने वरच्या मजल्यावर बोलावले. मी जिना चढून गेलो, तपासणीच्या उंच खाटेवर बसलो, पाय खाली लोंबकळत होते आणि पाठीला टेकू नव्हता. त्याने माझ्या शर्टाची बाही दंडावर घट्ट गुंडाळून वर सरकवली, तिच्या वळ्याला लागूनच पट्टा बांधला आणि यंत्राचे बटण दाबून ‘काम काय करता, जेवणाच्या वेळा नीट असतात का’ अशी चौकशी सुरू केली. मीही शिष्टाचार म्हणून उत्तरे देत होतो. यंत्र फुगले, थांबले, आणि आकडा आला : वरचा १५२, खालचा ९४. त्याने तो लिहून घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. सारा प्रकार दीड मिनिटात आटोपला.

रक्तदाब मोजण्याची जी शिस्त वैद्यकीय पुस्तकांत दिलेली असते, तिच्यातील बहुतेक सगळे नियम या दीड मिनिटात मोडले गेले होते. मोजण्याआधी लघवीला जाऊन आलेले असावे, अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, सिगारेट आणि व्यायाम नसावा, पाठ टेकवून आणि पावले जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, पायावर पाय टाकू नये, उघड्या दंडावर पट्टा बांधावा, हात हृदयाच्या पातळीला आधार देऊन ठेवावा, बोलू नये आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी. यांतली प्रत्येक चूक आकडा थोडा थोडा वर नेते. शिवाय पट्ट्याचे माप आहेच. नेहमीचा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. माझ्या दंडाचा घेर ३५ आहे. दंडाला अपुरा पडणारा पट्टा बांधला की येणारा आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त असतो, आणि व्यायाम करणाऱ्या किंवा स्थूल असणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हे नेहमी घडते. मोठा पट्टा त्या केंद्रात आहे का, हे मी तेव्हा विचारले नाही, कारण पट्ट्यांना मापे असतात हेच मला ठाऊक नव्हते.

पॅकेजमध्ये ‘तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला’ समाविष्ट होता. तो चार मिनिटांचा निघाला. डॉक्टर सौजन्याने बोलत होते, पण त्यांच्यासमोरही तोच एक आकडा होता आणि त्यावरून त्यांनी गोळी सुरू करण्याचे सुचवले. मी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळीबद्दल काहीही न बोलता माझ्या दंडाला टेप लावला आणि मोठ्या पट्ट्याचे यंत्र आणून आठवडाभर घरी, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, रक्तदाब मोजून लिहायला सांगितले. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. ती १२८ आणि ८२ निघाली. दवाखान्यात १४० आणि ९० ही रेषा सर्वसाधारणपणे धरतात; घरी मोजताना १३५ आणि ८५. माझा आकडा आदर्श नव्हता, पण गोळी तूर्त नको, मीठ आणि कंबर कमी करा, असे त्यांनी सांगितले.

ही चूक माझ्या बाबतीत वरच्या बाजूला झाली, म्हणून निदान तिचा पाठपुरावा तरी झाला. उलटही घडते. तपासणी केंद्रात १२६ दिसणाऱ्या माणसाचा रक्तदाब कामाच्या ठिकाणी १५० असू शकतो, आणि त्याला हिरव्या अक्षरातला अहवाल देऊन निश्चिंत मनाने घरी पाठवले जाते. उच्च रक्तदाब बहुधा काहीही जाणवू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभराच्या पाहणीत, उच्च रक्तदाब असलेल्या पुरुषांपैकी ५१ टक्के पुरुषांना तो आहे हेच माहीत नसल्याचे दिसले. स्त्रियांत हे प्रमाण ४१ टक्के होते. पुरुषांच्या प्रतिबंधात्मक तपासणीत एकच गोष्ट नीट करायची असे ठरवले तर ती कोणती असावी, याबद्दल माझ्या मनात तरी संशय नाही. या पॅकेजने ८७ आकड्यांसाठी यंत्रे लावली आणि या एका आकड्यासाठी पाच मिनिटे दिली नाहीत.

कंबरेचा प्रकार तर याहून मजेदार होता. तंत्रज्ञाच्या गळ्यात मोजपट्टी लटकत होती. तिला हात न लावता त्याने मला विचारले, ‘पॅन्ट कोणत्या मापाची घालता?’ मी ३४ सांगितले आणि त्याने ३४ इंच लिहिले. आता पोट सुटलेल्या कोणत्याही पुरुषाला हे रहस्य माहीत आहे की पोट वाढले तरी पॅन्टचे माप वाढत नाही, पॅन्ट फक्त खाली सरकते. कंबर मोजायची ती सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. घरी तशी मोजली तेव्हा ती ९७ सेंटिमीटर भरली, म्हणजे ३८ इंचांहून थोडी जास्त. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी हा सोपा नियम लावला, तर १७२ सेंटिमीटर उंचीच्या मला ८६ ची मुभा होती. केंद्राच्या हिशेबाने मी बरोबर ८६ वर, हिरव्या रंगात उभा होतो. पोटाच्या आतली ही चरबी मधुमेह आणि हृदयविकार या दोहोंशी जोडलेली आहे, आणि ती मोजायला लागते एक फीत व अर्धे मिनिट.

छापील प्रश्नावली दोन पानांची होती आणि तिच्यात सगळीकडे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा चौकटी होत्या. ‘कुटुंबात हृदयविकार’ यापुढे मी ‘हो’ वर खूण केली. कोणाला आणि कोणत्या वयात, हे विचारायला तेथे जागाच नव्हती. माझ्या वडिलांना पहिला झटका ५२ व्या वर्षी आला होता. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल तर तो धोका वेगळ्या वजनाने मोजला जातो. ऐंशीव्या वर्षी झालेल्या विकाराला तसे वजन नसते. माझ्या अहवालात या दोन्ही कुटुंबांतली माणसे एकाच चौकटीत बसली असती.

तंबाखूचेही तसेच झाले. मी सहा वर्षांपूर्वी सिगारेट सोडली, म्हणून प्रामाणिकपणे ‘नाही’ वर खूण केली आणि मागची वीस वर्षे कागदावरून पुसली गेली. वास्तविक पूर्वी किती आणि किती वर्षे ओढली यावर पुढच्या तपासण्या ठरतात. ६५ ते ७५ या वयात पोटातील महाधमनी फुगली आहे का हे पाहण्यासाठी एकदा सोनोग्राफी करावी असे अमेरिकेतील त्याच तज्ज्ञगटाने ज्या पुरुषांसाठी सुचवले आहे, त्यांत आयुष्यात कधीतरी धूम्रपान केलेले सगळे येतात. तसेच सोडलेल्याचे कौतुक करणारे चार शब्द तेथे कोणी बोलले असते तर मला आवडले असते, हेही कबूल करतो. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा १९५१ मध्ये सुरू केलेला अभ्यास पन्नास वर्षे चालला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, ते असे की आयुष्यभर धूम्रपान करणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात. पण तिशीत सोडणाऱ्याला ती जवळपास सर्व दहा वर्षे, चाळिशीत सोडणाऱ्याला सुमारे नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा आणि साठीत सोडणाऱ्याला तीन वर्षे परत मिळतात. एवढा फायदा त्या ८७ आकड्यांपैकी एकाच्याही पोटात नाही.

पॅकेज ‘पुरुषांसाठी’ ठरते ते पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन या दोन चाचण्यांमुळे. पीएसए हे पुरःस्थ ग्रंथीतून, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन आहे, ते कर्करोगाचे चिन्ह नव्हे. ग्रंथी वयोमानाने वाढली, तिला सूज आली, लघवीचा संसर्ग झाला किंवा आदल्या एक-दोन दिवसांत वीर्यपतन झाले तरी ते वाढू शकते. उलट, ही चाचणी ज्या कर्करोगांना पकडते त्यांतले काही इतक्या मंद गतीचे असतात की त्यांनी त्या माणसाला कधी त्रासच दिला नसता, आणि उपचारांनी मात्र लघवीवरचा ताबा व लैंगिक क्षमता यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणूनच २०१८ पासूनची अमेरिकी शिफारस अशी आहे की ५५ ते ६९ या वयातील पुरुषाने दोन्ही बाजू डॉक्टरांकडून समजून घेऊन स्वतः ठरवावे, आणि सत्तरीनंतर ती करू नये. घरात कोणाला हा कर्करोग झाला असेल तर ही चर्चा आधी व्हायला हवी. येथे चर्चा झालीच नाही. नळी भरली गेली. माझ्याबरोबर आलेला मित्र टक्कल रोखण्यासाठी फिनास्टेराइडची गोळी घेतो. या गोळीने पीएसए जवळपास निम्म्यावर येते. त्याचा आकडा उत्तम आला, तो खूश झाला, आणि गोळीबद्दल विचारणारी चौकट प्रश्नावलीत नव्हती. टेस्टोस्टेरॉनबद्दल थोडक्यात एवढेच की काही लक्षणे असतील तरच, सकाळच्या वेळी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा मोजून त्याचा अर्थ लावायचा असतो. ‘कर्करोग निर्देशक’ म्हणून जोडलेल्या आणखी दोन चाचण्या निरोगी माणसात कर्करोग शोधण्यासाठी नाहीतच. त्या पॅकेज जाड दिसावे म्हणून आहेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

जे विचारलेच नाही त्याची यादी मोठी आहे, पण तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. झोपेत घोरता का, मधेच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते का, दिवसा पेंग येते का, हे कोणी विचारले नाही. निद्रेतील श्वासरोध पुरुषांत अधिक आढळतो आणि रक्तदाब वाढवण्यात त्याचा हात असतो. गेल्या दोन आठवड्यांत उदास किंवा हताश वाटले का, आणि कशातच रस वाटेनासा झाला का, एवढे दोनच प्रश्न नैराश्याची पहिली चाळणी म्हणून जगभर वापरले जातात. आत्महत्येने मरणाऱ्यांत जगभर पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीच्या आसपास असताना ‘पुरुषांसाठी’च्या तपासणीत या दोन ओळींना जागा मिळाली नाही. तिसरी गोष्ट बोलायला अवघड, म्हणूनच ती विचारली जायला हवी. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की ताठरता कमी होणे हे लक्षण छातीत दुखण्याच्या काही वर्षे आधी दिसू शकते. टेस्टोस्टेरॉनची नळी भरणाऱ्या केंद्राला हा प्रश्न विचारताना संकोच का वाटावा, हे मला कळले नाही.

सरसकट सर्वांच्या सर्व तपासण्या करण्याने काय साधते, यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. अडीच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा, असेच आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला आणि अशा सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांमुळे एकूण मृत्यूंत किंवा कर्करोगाच्या व हृदयविकाराच्या मृत्यूंत फरक पडत नाही किंवा नगण्य पडतो, असा निष्कर्ष काढला. त्यांतले बरेच अभ्यास जुने आहेत, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही माझ्या अहवालाकडे पाहताना तो निष्कर्ष मला पटतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, आतड्याची ती कुपी, कंबर आणि डझनभर नेमके प्रश्न यांत माझ्या वयाच्या पुरुषाचे बहुतेक काम झाले असते; ते सगळे या पॅकेजमध्ये होते किंवा असू शकत होते, फक्त बाकीच्या गर्दीत त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती.

निघताना ‘जीवनशैली मार्गदर्शन’ म्हणून एक रंगीत कागद मिळाला. मित्राला आणि मला, म्हणजे ५८ किलोच्या आणि ८४ किलोच्या माणसाला, तो एकच होता आणि त्यावर दोघांनाही वजन घटवायला सांगितले होते. ‘नियमित व्यायाम करा’ याचा अर्थ किती, हेही त्यावर नव्हते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही इतपत. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवले होते, आणि त्या वाहकांनी कोणतीही व्यायामशाळा लावलेली नव्हती. मी त्या कागदाऐवजी हेच मनावर घेतले. रोज ४० मिनिटे भराभर चालतो, लिफ्ट टाळतो, आणि रविवारी सकाळी त्याच फितीने कंबर मोजतो. आठ महिन्यांत ती ९७ वरून ९२ वर आली आहे.

ज्यांनी कित्येक वर्षांत साखर आणि कोलेस्टेरॉलही पाहिलेले नाही आणि एका सकाळीत सगळे उरकायचे आहे, त्यांना हे पॅकेज अगदीच टाकाऊ ठरणार नाही. पण अहवाल स्वतःच्या डॉक्टरांना दाखवल्याखेरीज त्यातल्या लाल किंवा हिरव्या अक्षरांवर विसंबू नये, आणि रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे बसू द्या असे ठामपणे सांगावे. सोनोग्राफी आधी उरकून घ्यावी.

गेल्या आठवड्यात केंद्रातून फोन आला होता. पुढच्या वर्षासाठी १०२ तपासण्यांचे नवे पॅकेज आले आहे आणि जुन्या ग्राहकांना त्यात सवलत आहे, असे पलीकडची मुलगी म्हणाली. रक्तदाबाच्या यंत्राला मोठा पट्टा आहे का, असे मी विचारले. तिने क्षणभर थांबून ‘विचारून कळवते, सर’ म्हटले. अजून कळवलेले नाही.